मूळचे कुठले?

आमच्या मामांना माणसाचं नाव लक्षात राहत नाही आणि आडनाव विसरत नाही. लग्नाला इतकी वर्षं होऊनही मामीला ते अधूनमधून थोरल्या सुनेच्या नावानं हाक मारतात. पण मामीच्या माहेरच्या आडनावाची घरं पैठणात किती, पैठण सोडून गेलेली किती आणि गेली ती कुठल्या भांडणावरून गेली, हे मध्यरात्री उठवून विचारलं तरी सांगतील. मामी म्हणते, "माझं नाव विसरले तरी चालतंय, माझी भावकी पाठ आहे त्यांना."

हिंगोलीच्या बसस्टँडवर, दवाखान्याच्या बाकावर, हळदीच्या मोंढ्यात, मयतीच्या बैठकीत, कुठंही नवा माणूस दिसला की मामांची तीन पायऱ्यांची पूजा सुरू होते. आधी "रामराम पाहुणे." मग "कोण्या गावचे?" समोरचा गाव सांगतो आणि सुटलो असं समजतो. इथं मामा हात वर करून त्याला थांबवतात. "ते झालं राहायचं. मूळचे कुठले?" यातल्या 'मूळचे'मधला ळ ते इतका लांबवतात की माणसाला आपल्या पायाखाली खरंच काहीतरी पुरलेलं असावं असं वाटायला लागतं.

"मूळचा हिंगोलीचाच की."

"तसं नसतंय."

मामांच्या हिशेबात मूळचा हिंगोलीचा असा माणूस नसतोच. प्रत्येक घराणं कुठून तरी आलेलं असतं, दुष्काळानं नाहीतर भाऊबंदकीनं. गावात राहणाऱ्याला गावाचं आडनाव लागत नाही, ते लागायला गाव सोडावं लागतं. यावर त्यांचं एक ठरलेलं वाक्य आहे आणि ते म्हणून झालं की ते स्वतःच आधी हसतात. "आडनावातला 'कर' कामून असतोय? गाव सोडून गेलेल्याकडून गावानं वसूल केलेला कर आहे तो!" दाखला म्हणून वसमत तालुक्यातलं कुरुंदा गाव पुढे येतं. कुरुंद्यात राहिले असते तर नरहर कुरुंदकरांना कुरुंदकर कोण म्हणालं असतं? नांदेडला जाऊन पीपल्स कॉलेजचे प्राचार्य झाले, म्हणून कुरुंद्याचं नाव महाराष्ट्रभर गेलं. यात प्राचार्यांच्या विद्वत्तेचा वाटा किती आणि कुरुंद्याचा किती, याबद्दल मामांच्या मनात शंका नाही.

नोकरी टपाल खात्यात. सारा जन्म सॉर्टिंगच्या खणांपुढे उभं राहून गेला. दुसऱ्याचं पत्र वाचायचं नसतं हे तत्त्व त्यांनी कडक पाळलं, पण पत्ता वाचल्याशिवाय पत्र खणात जात नाही आणि पत्त्याची पहिली ओळ म्हणजे आडनाव. त्यातून हे वेड लागलं. अडतीच्या दुकानातून आणलेल्या लाल कापडी बांधणीच्या खतावणीत त्यांनी आडनावं उतरवायला सुरुवात केली. जिथं जमा असतं तिथं आडनाव, जिथं नावे असतं तिथं गाव. न जुळलेल्या आडनावांपुढे पेन्सिलीनं 'बाकी' असं लिहिलेलं आहे. आता पत्रं येत नाहीत. कुरिअरचा पोरगा दारात येऊन मोबाईलचे शेवटचे चार आकडे विचारतो, तेव्हा मामा दुखावतात. "अरे, आकड्याला कुठं गाव असतंय का?"

खतावणीतलं त्यांचं लाडकं पान मात्र नद्यांचं आहे. आडनाव गावावरून पडतं हे कुणीही सांगेल, पण ज्यातल्या गावाचं नावही नदीवरून पडलं ते आडनाव मामांच्या लेखी वरच्या पंक्तीतलं. पानावर सगळ्यात वर 'गंगाखेडकर'. आपल्याकडे गोदावरीला गोदावरी कोण म्हणतं? ती गंगाच. तिच्या काठचं खेड ते गंगाखेड, जनाबाईचं गाव. म्हणजे गंगाखेडकर म्हणताना आपण एका दमात नदी, खेडं आणि गाव सोडल्याचा पुरावा, तिन्ही म्हणतो. त्याखाली 'गंगातीरकर'. पुढे समासात गंगाथडी, भीमथडी अशी टिपणं. 1999 च्या महाराष्ट्र दिनी परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला, तेव्हा गावात फटाके वाजले आणि मामा उदास होते. "जिल्हा झाला, चांगलं झालं. पण गंगाखेड तिकडंच राहिलं की. गंगा गेली आपली." आमच्या वाट्याला पैनगंगा, कयाधू आणि पूर्णा आल्या याचं समाधान त्यांना फार उशिरा झालं. ते का, हे सांगायचं तर मामांचं स्वतःचं आडनाव सांगायला हवं.

ते आहे काठे.

जगातल्या सगळ्या आडनावांचा निकाल लावणाऱ्या या माणसाचं आडनाव खतावणीत 'बाकी'त आहे. मामांचं मत ठाम. काठे म्हणजे काठावरचे, नदीकाठचे. पूर्वज कुठल्या तरी नदीच्या काठाला राहत असणार, पुरानं नाहीतर सावकारानं तिथून उठवले असणार, आणि नव्या गावानं त्यांना 'काठावरचे आले, काठे आले' असं म्हटलं असणार. ऐकताना पटतं. मामांचं सगळंच ऐकताना पटतं. पण धाकटे मामा समोर असले की पंचाईत होते. ते तंबाखू मळत एवढंच म्हणतात, "काठ नव्हे दादा, काठी. आपला खापरपणजा पाटलाच्या पुढं काठी घेऊन पळत असंल." थोरल्यांना हे अजिबात सहन होत नाही. नदी कुठं आणि पाटलाचा दांडका कुठं! दर दिवाळीला फराळाच्या ताटावर या विषयाला तोंड फुटतं आणि चकल्या संपेपर्यंत चालतं. एका वर्षी मामी पोह्यांचा चिवडा वाढता वाढता म्हणाली, "नदी नव्हे अन् काठीबी नव्हे. लुगड्याचा काठ असंल. काठाकाठाचं लुगडं विणत असतील तुमचे." माहेर पैठणचं, त्यामुळे काठ आणि पदराच्या बाबतीत तिचा शब्द शेवटचा. दोघे भाऊ त्या दिवशी पहिल्यांदा एका बाजूला झाले.

या तीन काठांमुळे घरात कुणाचंच वाईट झालं नाही, पण एकदा दुसऱ्यांच्या घरात होता होता राहिलं. भावकीतल्या एका मुलीच्या बोलणीला मामांना वडीलधारे म्हणून नेलं होतं. पोहे झाले, हुंडा घेत नाही असं सांगून झालं, मानपान ठरवताना आवाज जरा चढून उतरले, आता सुपारी फुटणार एवढ्यात मामांनी मुलाच्या आजोबांना विचारलं, "मूळचे कुठले?" आजोबांनी सेनगाव तालुक्यातल्या एका खेड्याचं नाव घेतलं. मामांनी डोळे मिटले. "त्या गावातून दोन घरं उठली होती. एक तुमचं. दुसरं..." आणि त्यांनी मुलीच्या बापाकडे बघितलं. माजघरातल्या बांगड्या वाजायच्या थांबल्या. दोन घरं एका मुळाची म्हणजे भाऊबंद, आणि भाऊबंदांत सोयरीक कशी होणार? पुढचे दोन तास देवक कोणतं, कुलदैवत कोणतं, जागरण गोंधळाला कोण येतं यावर गेले. पोहे पुन्हा करावे लागले. शेवटी मुलाची पणजी, जिला ऐकू येत नाही असं सगळे धरून चालले होते, ती आतून ओरडली, "ते गाव माझ्या माहेराचं हाय! ह्यांचं नव्हं!" सुपारी फुटली. त्या दिवसापासून मामांना कोणत्याही बोलणीत बसवत नाहीत, बर्फ आणायला पाठवतात. ते बर्फवाल्यालाही विचारून येतात आणि बर्फ निम्मा होतो.

2023 च्या शेवटी मराठवाड्यात आरक्षणाच्या दाखल्यांसाठी निजामकालीन नोंदींची शोधाशोध सुरू झाली आणि मामांना अचानक भाव आला. त्यांना मोडी येते. पूर्ण नाही, ओळीतली निम्मी अक्षरं वाचतात आणि उरलेली ठरवतात. पण गावात तेवढीही कुणाला येत नव्हती. सकाळी सातपासून ओट्यावर माणसं, हातात पिवळ्या कागदांच्या झेरॉक्स, मोबाईलवर काढलेले तिरके फोटो. मामा भिंग घेऊन बसत. लोकांना नोंदीतली जात हवी असे, मामांना आडनाव. "मामा, जात काय लिहिली ते सांगा, आडनावाचं मागून बघू," असं एकानं काकुळतीला येऊन सांगितलेलं मी ऐकलं आहे. पण खरा घोटाळा पुढेच होता. कागदामागून कागद गेले, आडनाव निघेना. 'रामजी वल्द सखाराम', 'तुकाराम वल्द गोंदाजी'. मुलगा, बाप, गाव, बस. आपले पूर्वज आडनावाशिवाय जमीन कसत होते, सारा भरत होते, कर्ज काढत होते आणि मरत होते, याचा मामांना जबर धक्का बसला. संध्याकाळी भिंग पुसत म्हणाले, "आडनाव लिहायला काय निजामाला जास्तीची शाई लागत होती?"

त्याच सुमारास माझा धाकटा भाऊ नोकरीसाठी कार्डिफला गेला. कार्डिफ वेल्समध्ये आणि वेल्स म्हणजे इंग्लंड नव्हे, हे त्यानं आम्हाला पहिल्याच आठवड्यात बजावलं, कारण तिथल्या लोकांनी ते त्याला बजावलं होतं. रविवारी व्हिडिओ कॉल. थंडी किती, जेवण काय, हे प्रश्न मामीचे. मामांनी फोन तिच्या हातातून घेतला.

"घरमालकाचं आडनाव काय रे?"

"कॉन्वे."

"मूळचा कुठला?"

"मामा, इथं असं विचारत नसतात."

"मग ओळख कशी होती त्यांची?"

पोरानं पुढच्या रविवारपर्यंत चौकशी केली. न करून सांगतो कुणाला! वेल्सच्या उत्तरेला कॉन्वी नावाची नदी आहे, इंग्रज तिला कॉन्वे म्हणत. तिच्या मुखाशी त्याच नावाचं गाव, आणि गावात एडवर्ड राजानं 1283 साली बांधायला घेतलेला किल्ला. कॉन्वे हे आडनाव तिथूनच पडलेलं आहे असं त्यानं वाचलं. मामा खुर्चीतून उठले आणि पुन्हा बसले. नदीवरून गाव आणि गावावरून आडनाव, अगदी गंगाखेडकरांसारखं! मग साल मनात आलं. नामदेवांचा जन्म 1270 चा. "म्हणजे तिकडं किल्ल्याचा पाया खांदायले तवा आपले नामदेव तेरा वर्षांचे होते," असं ते आनंदानं म्हणाले. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध काय हे विचारायची आमच्यात कुणाची छाती नव्हती.

पण भावाची माहिती तिथं थांबत नव्हती. असं नदीचं आडनाव तिकडं विरळच, असं तो म्हणाला. बाकी गल्लीभर जोन्स, डेव्हिस, विल्यम्स, इव्हान्स. सगळी बापाची नावं. पूर्वी वेल्समध्ये आडनाव नसायचंच, अमक्याचा मुलगा तमका असं सांगायचे, आणि मुलगा या अर्थी मध्ये 'ॲप' लावायचे. मामांना ॲप म्हणजे मोबाईलमधलंच माहीत, त्यामुळे इथं थोडा वेळ गोंधळ झाला. ॲप ऱ्हिस, म्हणजे ऱ्हिसचा मुलगा. लोक भराभर म्हणत गेले आणि त्याचं झालं प्राईस. ॲप हौवेलचं झालं पॉवेल. मामांनी दोन्ही हात गुडघ्यावर आपटले.

"वल्द! वल्दच की ते! रामजी वल्द सखाराम!"

पिवळ्या कागदांचं दुःख त्या मिनिटाला उतरलं. आपल्याच पूर्वजांनी आळस केला नव्हता तर! साहेबाच्या शेजारचे लोकही तसेच होते. दुसऱ्या दिवशी मोंढ्यात जाऊन ते हळदीच्या ढिगाशेजारी उभे राहून अडत्याला, हमालाला आणि वसमतहून हळद घेऊन आलेल्या दोन शेतकऱ्यांना प्राईस आणि पॉवेल समजावून सांगत होते. शेतकऱ्यांनी 'प्राईस' एवढंच ऐकलं आणि भाव किती फुटला म्हणून विचारलं.

तिसऱ्या रविवारी मात्र पाणी पडलं. भावानं अखेर धीर करून घरमालकाला विचारलं होतं. घरमालक म्हणाला, आमचा आजा आयर्लंडमधून आला. तिकडे कॉन्वे हे दुसऱ्याच जुन्या आयरिश नावांचं इंग्रजी रूप असतं, त्याचा वेल्सच्या नदीशी संबंध नाही. तो तर ती नदी बघायलाही कधी गेला नव्हता. मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. मामीनं फोन घेऊन थंडीचं विचारून घेतलं. मग मामा पाठीमागून म्हणाले, "घरमालक भाडेकरूला कधी खरं सांगत असतो का?" आणि खतावणीत कॉन्वेपुढे नदीचंच नाव राहिलं. बारकाईनं बघितलं तर शेजारी पेन्सिलीनं 'बाकी' लिहून खोडलेलं दिसतं.

स्वतःच्या काठाचा शोध त्यांनी सोडला नव्हता. प्रश्न एवढाच की काठ कुठल्या नदीचा? पैनगंगा मानली तर तिचा एक काठ मराठवाड्यात आणि दुसरा विदर्भात. पूर्वज पलीकडच्या काठाचे निघाले तर आपण वऱ्हाडी ठरू, अशी धास्ती. पूर्णा मानली तर येलदरी आणि सिद्धेश्वर ही दोन धरणं. काठ पाण्याखाली गेला असेल तर पुरावा मागायचा कुणाला? यात सोयीची बाब अशी की पुरावा नाही असंही कुणाला म्हणता येत नाही. पण मामांचा जीव कयाधूवर. ती वाशिमकडून येते, हिंगोलीवरून जाते, पुढे पैनगंगेला मिळते, आणि मुख्य म्हणजे तिच्या काठाला नर्सी आहे, नामदेवांची. पुराणात कयाधू म्हणजे हिरण्यकश्यपूची बायको, प्रल्हादाची आई. "दैत्याच्या घरात नांदून भक्त वाढवला तिनं," असं म्हणून ते मामीकडे बघतात. मामी म्हणते, "अर्धं खरं आहे."

गेल्या उन्हाळ्यात मी त्यांना नर्सीला घेऊन गेलो. मधल्या काळात ते अंगणात घसरले होते, गुडघा दुखावला होता, आणि डॉक्टरांनी हातात काठी दिली होती. ही गोष्ट त्यांनी धाकट्या भावापासून दोन महिने लपवली. तो आला की काठी दाराच्या मागे जायची आणि मामा भिंतीला धरून, जणू सहज, उभे राहायचे. मामीनं एकदा ती दाराआडून काढून बैठकीत आणून ठेवली, आणि धाकटे मामा काही न बोलता तंबाखू मळत हसत राहिले. मामांनी त्या दिवशी जेवण कमी केलं.

देवळात दर्शन झालं. मामा म्हणाले, नदीवर जाऊ. ऊन टाळूला लागत होतं. कयाधूच्या पात्रात वाळू, मधे गुरांच्या खुरांचे वाळलेले ठसे, एका खोलगट जागी हिरवट डबकं आणि त्यात बसलेल्या तीन म्हशी. दोन्ही काठ जागच्या जागी होते, नदी तेवढी नव्हती. मामा काठीवर भार देऊन उतरणीला उभे राहिले. डोळ्यांवर हात धरून त्यांनी पलीकडचा काठ पाहिला, अलीकडचा पाहिला, मग मान हलवली, जणू कुणी तरी त्यांना जागा दाखवली होती. "इथंच कुठं तरी असतील," असं हळूच म्हणाले. त्या क्षणी मलाही ते पटलं. मी तिथं त्यांचा एक फोटो काढला, तो अजून फोनमध्ये आहे.

बाभळीच्या सावलीत एक म्हातारा बकऱ्या राखत बसला होता. मामांपेक्षा दहा वर्षांनी तरी मोठा असेल. डोक्याला मळकं मुंडासं, पुढ्यात पाण्याची प्लास्टिकची बाटली. त्यानं आम्हाला बराच वेळ निरखलं.

"रामराम. कोण्या गावचे पाहुणे?"

"हिंगोली," मामा म्हणाले.

"ते झालं राह्याचं," म्हातारा म्हणाला. "मूळचे?"

मी मामांकडे बघितलं. आजवर कितीतरी लोकांना विचारलेला तो प्रश्न त्यांना असा आयता कुणी विचारला नसावा. त्यांनी तोंड उघडलं, मिटलं, वाळूकडे पाहिलं. मग जरा सावरून, काठाकडे हात करत, ठासून सांगावं तसं म्हणाले, "काठे. आडनाव काठे."

म्हाताऱ्यानं त्यांच्या हातातल्या काठीकडे पाहिलं आणि समजूतदारपणे मान डोलावली.

"दिसायलंच की."